१८ हजारांच्या आत माउंटन बाइक घ्यायची असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. कांदिवलीत राहणाऱ्या, वय ४२, उंची ५ फूट ६ इंच आणि वजन ७८ किलो असलेल्या एका गृहस्थांना बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर पुन्हा सायकल चालवायची आहे. रविवारी सकाळी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीपर्यंत, कधी खाडी ओलांडून गोराई-उत्तनच्या बाजूला आणि आठवड्यात एखाद्या वेळी बाजारापर्यंत, एवढाच त्यांचा बेत आहे. सर्व मिळून १८,००० रुपये खर्च करण्याची तयारी आहे. त्यांच्यासमोर दोन सायकली आहेत. एक ऑनलाइन मिळणारी, ९,५०० रुपयांची, पोलादी फ्रेमची, पुढे-मागे सस्पेन्शन, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक आणि २१ गिअर असलेली. दुसरी दुकानातली, सुमारे १४,००० रुपयांची, ॲल्युमिनियम फ्रेमची, फक्त पुढे सस्पेन्शन, रिमवर रबर दाबणारे साधे व्ही-ब्रेक आणि तेवढेच गिअर असलेली. कमी पैशांत जास्त वस्तू मिळत असताना महागडी सायकल का घ्यावी, असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर आधी देतो आणि कारणे नंतर मांडतो. दुसरी सायकल घ्यावी. त्याच दुकानात तशाच फ्रेमची, पण पुढचा फोर्क (चाक धरणारा चिमटा) बिनस्प्रिंगचा असलेली सायकल मिळत असेल, तर आधी तिच्यावर बसून पाहावे. पश्चिम उपनगरांत सायकली जुळवण्याच्या आणि दुरुस्त करण्याच्या कामात इतकी वर्षे गेल्यावर माझे मत पक्के झाले आहे की या किमतीत सायकलीला काय लावले आहे यापेक्षा काय लावलेले नाही, हे पाहून ती निवडावी.

कारखान्याला सायकल एका ठरावीक रकमेत बसवायची असते. ९,५०० रुपयांतून कर, वाहतूक, खोके आणि विक्रेत्याचा नफा वजा केल्यावर जे उरते, त्यातून फ्रेम, दोन चाके, फोर्क, ब्रेक, गिअर, सीट आणि हँडल हे सगळे यायचे असते. त्यातच मागचा शॉक, त्याला लागणारे सांधे आणि दोन डिस्क ब्रेक घातले की कुठेतरी कात्री लावावीच लागते, आणि ती लागते गिऱ्हाइकाचे लक्ष जाणार नाही अशा भागांना: चाकाच्या मध्यभागी असलेल्या हबमधले कोन आणि छर्रे, रिमचा धातू, आरे, ब्रेकचे पॅड, चेन. सस्पेन्शन फोटोत दिसते. हबमध्ये ग्रीस भरले आहे की नाही, हे फोटोत दिसत नाही.

आता तुम्ही जिथे सायकल चालवणार आहात ते रस्ते पाहू. राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवेशद्वारापासून कान्हेरी लेण्यांपर्यंतचा ६ ते ७ किलोमीटरचा रस्ता डांबरी आहे. शेवटचा टप्पा चढाचा आहे, पण तो चढही डांबरीच. (सोमवारी उद्यान पर्यटकांसाठी बंद असते, हे बेत आखताना ध्यानात असू द्यावे.) रस्ता सोडून जंगलातल्या पायवाटांवर परवानगीशिवाय जाता येत नाही, आणि बिबट्यांचा वावर असलेल्या जंगलात ही मनाई रास्तच आहे. गोराईची खाडी बोटीने ओलांडून उत्तनकडे जाणारा रस्ताही डांबरीच, अधूनमधून उखडलेला. खरा त्रास घरापासून तिथवर पोहोचताना होतो: उचकटलेले पेव्हर ब्लॉक, काँक्रीटच्या रस्त्यातल्या लांबच लांब फटी, टायर अडकेल अशा गटारांच्या जाळ्या आणि पावसाळ्यात पाण्याखाली दडलेले खड्डे. शिवाय वर्षभर खारी हवा आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस. मुंबईतल्या सायकलीची परीक्षा या गोष्टी घेतात, आणि त्यांत टिकण्यासाठी भक्कम चाक, जाड टायर, भरवशाचे ब्रेक आणि गंज कमी धरणारे भाग लागतात.

माउंटन बाइक जन्माला आली तेव्हा तिच्याकडे एवढेच होते, हेही सांगण्यासारखे आहे. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत, टॅमलपायस डोंगराच्या मातीच्या उतारांवरून काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली पिटाळत असत. त्यांच्या खटपटींतून हा प्रकार आकाराला आला. मोठ्या प्रमाणावर तयार झालेली पहिली माउंटन बाइक म्हणून जिचे नाव घेतले जाते, ती स्पेशलाइज्ड कंपनीची १९८१ सालची स्टम्पजम्पर, हिलाही पुढे-मागे कुठेच स्प्रिंग नव्हती.

मागच्या सस्पेन्शनबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण बहुतेक जणांचे मन तिथेच अडकते. सस्पेन्शनमध्ये दोन कामे असतात. स्प्रिंग दाबली जाऊन धक्का घेते, हे पहिले. दाबलेली स्प्रिंग उसळून परत येते तेव्हा तिला आवरून धरणे, हे दुसरे. ते काम शॉकमधले तेल करते, आणि त्याला डॅम्पिंग म्हणतात. कार्यालयाच्या दाराला वर बसवलेला क्लोझर दार आपटू देत नाही, हळू मिटवतो, तसलेच हे काम आहे. चांगल्या शॉकची किंमत या दुसऱ्या कामासाठी मोजावी लागते, आणि तसा नुसता एक शॉकच तुमच्या पूर्ण सायकलीपेक्षा महाग असतो. ९,५०० रुपयांच्या सायकलीला मागे जे बसवलेले असते ती बहुधा नुसती स्प्रिंग असते. खड्ड्यात ती दबते आणि लगेच तितक्याच जोराने तुम्हाला वर फेकते. सपाट रस्त्यावर प्रत्येक पायडलाबरोबर सीट खाली-वर होते, म्हणजे पायांनी लावलेल्या जोराचा काही भाग चाकाऐवजी स्प्रिंगमध्ये जिरतो. कान्हेरीच्या चढावर, जिथे उभे राहून पायडल मारावेसे वाटते, तिथे हा तोटा सर्वांत जास्त जाणवतो.

दुसरी अडचण सांध्यांची. मागचा भाग ज्या कण्यावर हलतो, त्यात स्वस्त सायकलींमध्ये प्लॅस्टिकचे बुश, म्हणजे कण्याभोवतीची नळकांडी, असतात. पावसाळ्यातला चिखल आणि रेती आत शिरली की ते झिजतात, सायकल मागून डुलू लागते, आणि वळणावर मागचे चाक पुढच्याच्या रेषेत राहत नाही. हे बुश प्रत्येक कारखान्याचे वेगळ्या मापाचे असल्याने सुटे मिळत नाहीत. अशी सायकल दुरुस्तीला आली की कारागीर लेथवर बुश करून आणतो किंवा हात जोडतो. वजनाचाही प्रश्न आहेच. या जातीच्या सायकली १७-१८ किलोंच्या किंवा त्याहूनही जड असतात, तर साधी ॲल्युमिनियमची माउंटन बाइक १४-१५ किलोंत बसते. बोटीत चढवताना किंवा जिन्याच्या चार पायऱ्या उचलून नेताना हा फरक हातांना कळतो.

पुढच्या फोर्कबाबत मी इतका कडक नाही. १४,००० रुपयांच्या सायकलीतला फोर्क साधारण ८० ते १०० मिलिमीटर दबण्याच्या मापाचा आणि साध्या स्प्रिंगचा असतो. त्याचे वजन अडीच किलोंच्या घरात जाते, तर साधा पोलादी फोर्क त्याच्या निम्म्याहून कमी भरतो. पेव्हर ब्लॉकवर मनगटांना त्याने थोडा आराम मिळतो, हे खरे. पण रस्त्यावरचे बारीक हादरे स्वस्त फोर्कपर्यंत पोहोचण्याआधी २ इंच रुंदीचा, योग्य हवा भरलेला टायरच जिरवून टाकतो. स्प्रिंगचा फोर्क असलेलीच सायकल घेणार असाल तर तीन गोष्टी तपासाव्यात. पुढचा ब्रेक घट्ट दाबून हँडल पुढे-मागे हलवावे. खडखड जाणवली तर हेडसेट, म्हणजे हँडलच्या नळीतले बेअरिंग, तरी सैल आहे किंवा फोर्कचे बुश तरी. फोर्क पूर्ण दाबून सोडावा. तो अडखळत परत आला तर नको म्हणावे. आणि लॉकआउटची कळ, म्हणजे स्प्रिंग बंद करण्याची सोय, असेल तर चढासाठी ती उपयोगी पडते.

चाकांकडे मात्र मी सर्वांत जास्त वेळ देईन. खिशात एक लहान चुंबक घेऊन दुकानात जावे. तो रिमला चिकटला तर रिम पोलादी आहे, न चिकटला तर ॲल्युमिनियमची. रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर पोलादी रिम मुळीच घेऊ नये. चकचकीत क्रोमचा मुलामा असलेली पोलादी रिम ओली झाली की रबरी पॅड तिच्यावरून घसरत राहतो आणि सायकल थांबायला कोरड्या रस्त्यापेक्षा कितीतरी जास्त अंतर घेते. ॲल्युमिनियमच्या रिमवर सुरुवातीचे एखाद-दोन फेरे पाणी पुसण्यात जातात, मग पॅड पकडतो. रिम डबल-वॉल, म्हणजे आतून दुपदरी असेल तर उत्तम. टायर आणि ट्यूब काढल्यावर आऱ्यांची टोके खोल छिद्रांत दिसली की ती दुपदरी समजावी. दुकानदाराला टायर काढायला सांगणे अवघड वाटत असेल, तर निदान विचारून घ्यावे. चाक हवेत उचलून फिरवावे आणि ब्रेकच्या पॅडपाशी नजर ठेवावी. रिम डावी-उजवीकडे २ मिलिमीटरहून जास्त झोकत असेल, तर चाकाचा आऊट काढून घेतल्याशिवाय सायकल ताब्यात घेऊ नये. मग जवळजवळचे दोन-दोन आरे चिमटीत दाबत जावे. एक ताठ आणि दुसरा लोंबता असे आढळले, तर ते चाक यंत्रातून निघाल्यावर माणसाच्या हाताखालून गेलेले नाही असे समजावे.

तुमचे वजन ७८ किलो आहे, म्हणून मागच्या हबबद्दल थोडे अधिक. सात दातेरी चकत्या असलेल्या बहुतेक स्वस्त सायकलींना फ्रीव्हील असते, जे हबवर बाहेरून आट्यांनी बसते. त्यामुळे उजव्या बाजूचे छर्रे फ्रीव्हीलच्या आतल्या अंगाला राहतात आणि तिथून फ्रेमपर्यंतचा एक्सल आधाराशिवाय उरतो. जड माणूस खड्ड्यात आदळला की एक्सल नेमका तिथे वाकतो, प्रसंगी तुटतोही. कॅसेट प्रकारच्या हबमध्ये छर्रे थेट फ्रेमजवळ असल्याने ही अडचण राहत नाही. कॅसेट बहुधा ८ किंवा अधिक गिअरच्या सायकलींत सापडते आणि तुमच्या रकमेत ती मिळेलच असे नाही. मिळाली तर त्या एका कारणासाठी हजार-दीड हजार जास्त द्यायला हरकत नाही. न मिळाल्यास घाबरू नये. खड्डा आला की सीटवरून किंचित उठून वजन पायांवर घ्यावे, एवढ्या सवयीने एक्सलचे आयुष्य पुष्कळ वाढते.

ब्रेकविषयी लोकांचा समज असा असतो की डिस्क म्हणजे चांगले आणि व्ही-ब्रेक म्हणजे जुने. डिस्क ब्रेकचे गुण मी नाकारत नाही. डिस्क रस्त्यापासून उंच असते, पाण्यात-चिखलात तिची पकड फारशी कमी होत नाही, आणि चाकाला थोडा आऊट असला तरी ब्रेक घासत नाही. शिवाय पावसाळी चिखलातली रेती पॅडमध्ये रुतून रिम खरवडते, ती झीजही टळते. तेलावर चालणारे, म्हणजे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक मिळाले तर मुंबईच्या पावसासाठी त्यांच्यासारखे दुसरे काही नाही, पण ते या रकमेत चांगल्या फ्रेमबरोबर क्वचितच बसतात. इथे प्रश्न आहे तो केबलवर चालणाऱ्या स्वस्त डिस्कचा. त्यात एकाच बाजूचा पॅड हलतो. तो डिस्कला वाकवून पलीकडच्या स्थिर पॅडवर दाबतो. स्थिर पॅड वेळोवेळी आत घ्यावा लागतो, आणि हे न केल्याने ब्रेक लागत नाही अशी तक्रार घेऊन लोक येतात. पॅड धरणारे, पातळ पत्र्यातून ठोकलेले कॅलिपर जोराने दाबले की स्वतःच वाकतात. लोकलच्या लगेज डब्यात किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये दुसऱ्या सायकलीचा पायडल लागून डिस्क वाकली की ती चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात खसखसत राहते. त्यामुळे अनोळखी बनावटीच्या डिस्कपेक्षा टेक्ट्रो किंवा शिमानोसारख्या माहीत असलेल्या कंपनीचे व्ही-ब्रेक मी केव्हाही पसंत करीन. त्यांचे पॅड कोणत्याही कोपऱ्यावरच्या सायकल दुकानात मिळतात आणि घरच्या घरी बदलता येतात. तुम्ही भर पावसात नेमाने चालवणार असाल, तर मात्र माहितीच्या कंपनीच्या केबल डिस्कचा विचार करावा. कोणतेही ब्रेक असोत, पुढचा ब्रेक कोणत्या हाताला जोडला आहे हे दुकानातून बाहेर पडण्यापूर्वी पाहून घ्यावे.

गिअरच्या आकड्याला फार महत्त्व देऊ नये, आणि याचा हिशेब सोपा आहे. २१ गिअरच्या नेहमीच्या मांडणीत पुढे ४२, ३४ आणि २४ दात्यांच्या तीन चकत्या असतात आणि मागे १४ ते २८ दात्यांच्या सात. पुढच्या दात्यांना मागच्या दात्यांनी भागले की पायडलच्या एका फेऱ्यात चाक किती वेळा फिरते ते कळते. सर्वांत हलका गिअर २४ भागिले २८, म्हणजे ०.८६, सर्वांत जड ४२ भागिले १४, म्हणजे ३. साडेसत्तावीस इंची चाकाचा घेर साधारण २.१५ मीटर धरला, तर मिनिटाला ६० फेऱ्यांच्या निवांत गतीने हलक्या गिअरमध्ये ताशी सुमारे साडेसहा किलोमीटर आणि जड गिअरमध्ये सुमारे २३ किलोमीटर वेग पडतो. मधल्या १९ गिअरांपैकी बरेच एकमेकांच्या इतके जवळ असतात की ते बदलल्याचे पायांना जाणवतही नाही, आणि काही तर चेन तिरकी ताणतात म्हणून वापरूच नयेत. याउलट पुढे ३२ दात्यांची एकच चकती आणि मागे १४ ते ३४ अशी सात गिअरची सायकल घेतली, तर हलका गिअर ०.९४ आणि जड गिअर २.२९ येतो. कान्हेरीचा चढ आणि सपाट रस्ता दोन्ही त्यात निभावतात. पुढचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग), त्याची केबल आणि त्याची कुरकुर वाचते. अशी मांडणी मिळत असेल तर सात आकडा पाहून नाक मुरडू नये.

गिअर बदलण्याची कळ अंगठा आणि तर्जनी यांनी दाबण्याची असेल तर ती घ्यावी. मूठ पिरगळून बदलण्याचा प्रकार घामेजल्या हातांनी नीट फिरत नाही, आणि मुंबईत हात घामेजले नाहीत असे महिने कमीच. या किमतीत शिमानोचा टूर्नी हा सर्वांत खालच्या पायरीचा संच बहुधा असतो. तो तुमच्या कामाला पुरेसा आहे. फक्त जाहिरातीत ‘शिमानो गिअर’ लिहिलेले असले तरी कित्येकदा मागचा डिरेलर तेवढाच शिमानोचा असतो आणि कळा, चेन, फ्रीव्हील दुसऱ्याच कोणाचे, हे पाहून घ्यावे.

फ्रेमचे माप हा मुद्दा ऑनलाइन खरेदीत जवळजवळ हरवतो. ५ फूट ६ इंच उंचीला साधारण १६ ते १७ इंचांची, म्हणजे बहुतेक कंपन्यांची ‘मध्यम’ फ्रेम बसते, परंतु एकाच उंचीच्या दोन माणसांच्या पायांची लांबी वेगळी असते. सायकलीच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभे राहावे. आडवा दांडा आणि जांघ यांच्यात २ ते ३ इंच मोकळे अंतर हवे. मग सीटवर बसून टाच पायडलवर ठेवावी आणि पायडल तळाशी न्यावा. पाय तेव्हा सरळ व्हायला हवा, म्हणजे चवड्याने पायडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. बऱ्याच वर्षांनी सायकलीवर बसणारे लोक दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट फार खाली ठेवतात आणि महिन्याभरात गुडघे दुखतात म्हणून सायकल सोडून देतात. सीटचा दांडा वर घेताना त्यावरची किमान खोलीची खूण फ्रेमच्या बाहेर दिसता कामा नये. हँडल गाठताना खांदे ताणले जात असतील तर फ्रेम मोठी आहे. हँडल धरणारा स्टेम आखूड लावून थोडे निभावते, फार नाही.

चाकाचा व्यास तुमच्या उंचीला साडेसत्तावीस इंच ठीक. २९ इंची चाक खड्ड्यांवरून अधिक सहज जाते, पण ते जड असते आणि मध्यम उंचीच्या माणसाला बाजारातल्या गर्दीत वळवायला अवघड जाते. २६ इंची जुने झाले असले तरी त्याचा एक गुण आहे: त्याची ट्यूब रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडेही सापडते. साडेसत्तावीसची सापडेलच असे नाही, म्हणून एक ट्यूब सीटखालच्या पिशवीत कायम ठेवावी. व्हॉल्व्ह मोटारीच्या ट्यूबला असतो तसा, श्रेडर जातीचा घ्यावा, म्हणजे पेट्रोल पंपावर हवा भरता येते. टायर मोठ्या गोट्यांचे नकोत. डांबरावर ते घरघरतात आणि पाय थकवतात. मधे जवळपास सलग पट्टी आणि कडेला बारीक गोट्या असलेला १.९५ ते २.१ इंचांचा टायर, तुमच्या वजनाला ३५ ते ४५ पीएसआय हवा, मागच्या चाकात पुढच्यापेक्षा थोडी जास्त. टायरच्या कडेवर छापलेली मर्यादा पाहूनच भरावी.

कोणत्या कंपनीची घ्यावी, याचे उत्तर मी मॉडेलच्या नावाने देत नाही, कारण तेच नाव ठेवून पुढच्या वर्षी आतले भाग बदलतात. हिरो आणि तिच्याच मालकीची फायरफॉक्स, टीआय सायकल्सची हर्क्युलिस आणि मोंट्रा, डिकॅथलॉनची रॉकरायडर, यांपैकी कोणाचीही या किमतीतली साधी सायकल पाहायला सुरुवात करावी. नावापेक्षा एक लहानशी वस्तू विचारावी: मागचा डिरेलर ज्या पट्टीवर टांगलेला असतो तो हँगर सुटा मिळतो का? ॲल्युमिनियमच्या फ्रेमला तो वेगळा बसवलेला असतो, जेणेकरून सायकल उजव्या बाजूला पडली तर हँगर वाकावा आणि फ्रेम वाचावी. प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळ्या आकाराचा असतो. दोन वर्षांनी तो शोधत फिरण्यापेक्षा सायकलीबरोबरच एक जास्तीचा घेऊन ठेवावा.

ऑनलाइन सायकलीबद्दल आणखी एक सावधगिरी. ती खोक्यातून अर्धवट जुळवलेली येते. हँडल, पुढचे चाक, सीट आणि पायडल आपण लावायचे असतात. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते न कळल्याने जोर लावून क्रँकचे (पायडल ज्यावर बसतो त्या दांड्याचे) आटे फाडलेल्या सायकली दुरुस्तीला नेहमी येतात. फोर्क उलटा, म्हणजे ब्रेक मागच्या बाजूला ठेवून बसवलेल्या सायकली तर आपल्या रस्त्यांवर सर्रास फिरताना दिसतात. क्रँकचा बोल्ट पुरेसा आवळला नाही आणि तसाच चालवला, तर ॲल्युमिनियमच्या क्रँकचे चौकोनी भोक कायमचे गोलावते आणि मग तो कितीही आवळला तरी घट्ट बसत नाही. म्हणून खोके घरी आलेच तर ते न उघडता कारागिराकडे न्यावे आणि जुळणीचे चारशे-पाचशे रुपये सायकलीच्या किमतीतच धरावेत.

गंजाविषयी. समुद्रकाठच्या शहरात सायकल वापरल्याने जितकी खराब होते, त्यापेक्षा उभी राहून जास्त होते. पावसात भिजल्यावर चेन कोरड्या फडक्याने पुसून प्रत्येक कडीवर तेलाचा एक थेंब सोडावा, मग वरचे जास्तीचे तेल पुसून टाकावे. इंजिन ऑइल ओतल्यास धूळ धरून काळा लगदा होतो. गोराईच्या बोटीतून जाऊन आल्यावर गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने फ्रेम आणि रिम पुसाव्यात, पण गाड्या धुण्याच्या प्रेशर पंपाचा फवारा हब आणि क्रँकच्या बेअरिंगवर मारू नये. सीटचा दांडा वर्षातून दोनदा बाहेर काढून, पुसून, ग्रीस लावून परत बसवावा. खाऱ्या हवेत दोन धातूंच्या सांध्यात क्षार जमतो आणि दांडा फ्रेममध्ये असा अडकतो की कापून काढण्याची वेळ येते. पावसाळी फेरीनंतर दांडा काढून सायकल क्षणभर उलटी केली, तर फ्रेममध्ये साचलेले पाणी निघून जाते.

चेन झिजली की नाही, हे इंचाच्या पट्टीने कळते. एका पिनच्या मध्यापासून मोजलेल्या २४ कड्या नव्या चेनमध्ये बरोबर १२ इंच भरतात. त्या एक सूत, म्हणजे एक अष्टमांश इंच जास्त भरू लागल्या, तर चेनबरोबर फ्रीव्हीलही गेले असे समजावे; त्याच्या निम्म्या वाढीलाच चेन बदलली तर फ्रीव्हील वाचते.

नव्या सायकलीच्या आधी जुनीचाही शोध घेण्यासारखा आहे. २०२० च्या टाळेबंदीनंतर सायकलींची मागणी एकदम वाढली होती, आणि तेव्हा घेतलेल्या कितीतरी चांगल्या सायकली उपनगरांतल्या पार्किंगमध्ये धूळ खात उभ्या आहेत. अशा सायकलीचे टायर, ट्यूब, केबल आणि ब्रेकचे पॅड बदलावे लागतील असे धरून दीड-दोन हजार रुपये बाजूला ठेवावेत. फ्रेमच्या पुढच्या नळीपाशी, जिथे दोन दांडे जोडलेले असतात, तिथे रंगाला सुरकुती किंवा चीर दिसली तर ती सायकल कोणत्याही किमतीला घेऊ नये. मूळ बिल मागावे आणि फ्रेमखालचा क्रमांक त्याच्याशी ताडून पाहावा.

तुमच्या १८,००० रुपयांची वाटणी मी अशी करीन: सायकलीला १४,००० पर्यंत, हेल्मेटला १,२०० ते १,५००, चांगल्या कुलपाला ७०० ते ८००, पुढच्या-मागच्या दिव्यांना ६००, आणि उरलेल्यातून हातपंप, जास्तीची ट्यूब, टायर लिव्हर, ॲलन कीचा संच आणि मडगार्ड. मडगार्डशिवाय पावसाळ्यात पाठीवर चिखलाची रेघ उमटतेच, शिवाय पुढच्या चाकाचा चिखल थेट क्रँकच्या बेअरिंगवर उडत राहतो. सायकल घेतल्यावर पहिल्या १०० ते २०० किलोमीटरमध्ये नवे आरे बसतात आणि केबल सैल पडतात. तेवढे अंतर झाले की ती दुकानात नेऊन चाकांचा आऊट काढून घ्यावा, केबल ताणून घ्याव्यात आणि क्रँकचे दोन्ही बोल्ट तुमच्यासमोर आवळायला सांगावेत. बहुतेक दुकाने ही पहिली सर्व्हिस विनामूल्य करतात, फक्त ती मागावी लागते.